आठ ट्रॅक आणि साठ दिवस

(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. वाचकांच्या सोयीसाठी थोडी काटछाट केली आहे, पण बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



या व्यासपीठावर आजवर नाट्यसंगीत झालं, भावगीतं झाली, गझल झाली, दोन वर्षांपूर्वी लावणीही झाली. रॉक संगीतावर कुणी बोलल्याचं मला तरी आठवत नाही. त्यामुळे कार्यक्रमपत्रिकेत हा विषय वाचून काही ज्येष्ठ मंडळींनी मघाशी मला बाजूला घेऊन प्रेमाने विचारलं, "अरे, आवाज फार मोठा नाही ना करणार?" काका, काळजी नसावी. आज मी गिटार आणलेली नाही. फक्त बोलणार आहे.

माझी ओळख थोडक्यात. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, गेली दहा-बारा वर्षं इथे सिॲटल परिसरात आयटी कन्सल्टंट आहे. दिवसा लोकांचे डेटाबेस एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवतो. संध्याकाळी बास गिटार वाजवतो. आम्हा चौघांचा एक बँड आहे. एक नागपूरचा ड्रमर, एक ठाण्याचा गिटारवाला, एक गाणारा कोल्हापूरचा, आणि मी. २०२३ साली आम्ही सहा गाण्यांची एक रेकॉर्ड केली. कुठल्याही कंपनीच्या मदतीशिवाय, एका लहानशा स्टुडिओत, स्वतःच्या खिशातून. असं काही करायचं असेल तर नेमकं काय करावं लागतं, त्याला किती पैसे लागतात, आणि मुळात कशासाठी करायचं, हे तीन प्रश्न मला नेहमी विचारले जातात. त्यांची उत्तरं देण्याचा हा प्रयत्न आहे.

सुरुवात आपल्या गावापासून करू. तुमच्यापैकी अनेक जण बॅलर्डला जात-येत असाल. तिथे लेअरी वे या रस्त्यावर एक छोटी तिकोनी इमारत आहे. बाहेरून बघाल तर गाडीचं पंक्चर काढायचं दुकान वाटेल. १९८६ साली ख्रिस हॅन्झेक आणि जॅक एन्डिनो या दोघांनी तिथे ‘रेसिप्रोकल रेकॉर्डिंग’ नावाचा स्टुडिओ चालू केला. आता या जॅक एन्डिनोबद्दल आपल्याला आपुलकी वाटायला हरकत नाही, कारण हा माणूस इलेक्ट्रिकल इंजिनिअर. ब्रेमर्टनच्या नौदलाच्या गोदीत नोकरी करत होता. फेरीने पलीकडे गेलात की लागते ती मोठी गोदी. ती पक्की सरकारी नोकरी सोडून तो या तिकोनी खोलीत टेप फिरवायला लागला. (सभागृहातल्या आई-बाबांना विनंती, एवढा भाग मुलांना घरी जाऊन पुन्हा सांगू नये!)

त्या खोलीत साउंडगार्डन, ग्रीन रिव्हर, मडहनी अशा बँडच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड्स झाल्या. आणि २३ जानेवारी १९८८ या दिवशी ॲबर्डीनहून तिघे जण तिथे आले. तेव्हा त्यांना कुणी ओळखत नव्हतं. त्यांच्याकडे स्वतःचा ड्रमरसुद्धा नव्हता, म्हणून मेल्विन्स या दुसऱ्या बँडचा डेल क्रोव्हर त्यांनी सोबत आणला होता. एका दुपारी, साधारण सहा तासांत, त्यांनी दहा गाणी रेकॉर्ड आणि मिक्स केली. शेवटचं गाणं चालू असतानाच टेप संपली. नवीन रीळ घ्यायला पैसे नव्हते, म्हणून ते गाणं एन्डिनोने हळूहळू आवाज कमी करत संपवून टाकलं. बिल झालं १५२ डॉलर ४४ सेंट. संध्याकाळी त्यांचा टॅकोमाला कार्यक्रम होता, तिकडे ते निघून गेले. हा बँड म्हणजे निर्वाणा.

एन्डिनोला ती टेप आवडली. त्याने तिची एक प्रत सब पॉप या स्थानिक रेकॉर्ड कंपनीच्या जोनाथन पोनमनला दिली. त्यातूनच पुढे त्यांची पहिली पूर्ण रेकॉर्ड ‘ब्लीच’ झाली. डिसेंबर १९८८ आणि जानेवारी १९८९ मध्ये, सुट्टीच्या दिवसांत, थोडी थोडी करत. एकूण तीस तास. बिल ६०६ डॉलर १७ सेंट. हे पैसे भरले जेसन एव्हरमन या मित्राने. त्याने रेकॉर्डवर एक सूरही वाजवलेला नाही, पण मुखपृष्ठावर त्याचा फोटो आहे आणि गिटारवादक म्हणून नावही आहे. आपल्या मंडळाच्या देणगीदारांनी याची नोंद घ्यावी.

भागाकार करून बघा. तासाला वीस डॉलर. महागाई धरली तर ते सहाशे डॉलर म्हणजे आजचे दीड-पावणेदोन हजार. ‘ब्लीच’ जून १९८९ मध्ये बाहेर आली आणि सुरुवातीला बेताचीच खपली. १९९१ मध्ये त्याच बँडची ‘नेव्हरमाइंड’ लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइसला साउंड सिटी या मोठ्या स्टुडिओत झाली, बजेट ठरलं ६५,००० डॉलर. ती जगभर गाजल्यावर लोक मागे वळून ‘ब्लीच’ शोधायला लागले आणि पुढे एकट्या अमेरिकेत तिच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. पण माझा मुद्दा खपाचा नाही. तेव्हा त्या खोलीत दुसरेही कितीतरी बँड येऊन गेले, बहुतेकांची नावं आज कुणाला माहीत नाहीत. माझा मुद्दा असा, की तीस तास आणि आठ ट्रॅक एवढ्या सामग्रीत एक पूर्ण रेकॉर्ड होऊ शकते.

आठ ट्रॅक म्हणजे काय, ते जरा समजून घेऊ. पूर्वी आपल्याकडे भावगीतांच्या ध्वनिमुद्रणाला सगळा वाद्यवृंद एका खोलीत बसायचा. शेवटच्या कडव्यात तबलजीची एक मात्रा चुकली की पुन्हा पहिल्यापासून. मल्टिट्रॅक टेप आली आणि प्रत्येक वाद्यासाठी त्या पट्टीवर वेगळी गल्ली मिळाली. एक गल्ली खोडून पुन्हा भरता येते, बाकीच्या तशाच राहतात. आठ ट्रॅक म्हणजे अशा आठ गल्ल्या. आता हिशेब करा. ड्रम्सना तीन-चार, बासला एक, गिटारला दोन, आवाजाला एक. संपलं! आणखी एक गिटार हवी असेल, तर आधीच्या दोन-तीन गल्ल्या एकत्र मिसळून एकीत ढकलायच्या. पण एकदा ढकलल्या की त्या पुन्हा वेगळ्या करता येत नाहीत. म्हणजे ड्रम किती मोठे ठेवायचे हा निर्णय तिथल्या तिथे घ्यावा लागतो.

आजचं चित्र अगदी उलटं आहे. ‘रीपर’ नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर साठ डॉलरला मिळतं. आपल्या पिढीला ऐकून आनंद होईल, की ते लिहिणारा जस्टिन फ्रँकल म्हणजे ज्याने विनॅम्प लिहिलं तोच. होस्टेलवर एमपीथ्री ऐकणारे सगळे त्याचे ऋणी आहेत. त्यात ट्रॅक हवे तेवढे. चोवीस बिट, सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार नमुने, म्हणजे एका ट्रॅकचे मिनिटाला साडेआठ एमबीच्या थोडे वर. चोवीस ट्रॅकचं चार मिनिटांचं गाणं घेतलं तर सव्वाआठशे एमबी. आज ही जागा म्हणजे काहीच नाही. आणि गोची इथेच होते. जागा आहे म्हणून लोक एकाच सोलोचे चाळीस टेक ठेवतात आणि म्हणतात, मिक्सच्या वेळी बघू. आपल्या प्रोजेक्टमध्ये नाही का, कुणी रिक्वायरमेंट फायनल करत नाही आणि मग सगळं टेस्टिंगवाल्यांच्या गळ्यात पडतं? अगदी तसंच. अनेक घरगुती रेकॉर्ड्स पैशांअभावी अडत नाहीत, त्या ‘नंतर बघू’ या दोन शब्दांनी अडतात.

आमचीही अडलेली होती. दोन वर्षं दर शनिवारी एका गॅरेजमध्ये सराव चालला होता. सहा गाणी होती, त्यातली चार मराठी. तीन गाण्यांचे शब्द अर्धवट. कुणालाच घाई नव्हती. मग जानेवारी २०२३ उजाडला. ते दिवस इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या लक्षात असतील. एका सकाळी आमच्या ड्रमरला मेल आली, की त्याची जागा रद्द झाली आहे.

तो एच-वन-बीवर होता. ग्रीन कार्डच्या रांगेत, पण रांग कुठवर आहे ते आपल्याला माहीतच आहे. नोकरीचा शेवटचा दिवस उलटला, की नवा मालक शोधून अर्ज दाखल करायला जास्तीत जास्त साठ दिवस. २०१७ पासून हा नियम लेखी स्वरूपात आहे, त्याआधी तेवढीही हमी नव्हती. त्याची बायको एच-फोरवर, मुलगा दुसरीत, अपार्टमेंटचं लीज सात महिने बाकी, गाडीचे हप्ते चालू. तो रोज दहा-बारा ठिकाणी अर्ज करत होता. बँड हा विषय काढायचीसुद्धा आम्हाला लाज वाटत होती.

विषय त्यानेच काढला. एका रात्री फोन करून म्हणाला, "हे बघा, नोकरी लागली तर उत्तमच. नाही लागली तर मी नागपूरला जाणार. पण दोन वर्षं आपण जे वाजवलं ते असंच हवेत सोडून जायचं का? ड्रम तर आधीच रेकॉर्ड करतात ना? माझे ड्रम करून टाका. बाकीचं तुम्ही मागून भरा."

तांत्रिकदृष्ट्या त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. रॉकमध्ये ड्रम हा इमारतीचा पाया असतो. आधी ड्रमरच्या कानात एक ठोका सोडतात, त्याला क्लिक म्हणतात. सोबतीला बाकीचे जण कच्ची गिटार आणि कच्चा आवाज देतात. हे कच्चं नंतर फेकून द्यायचं असतं. ठेवायचे ते फक्त ड्रम. एकदा ते पक्के झाले, की बास, गिटार, आवाज हे सगळं पुढच्या सहा महिन्यांत, घरी बसून, एकेक करून चढवता येतं. शिवाय बाकी सगळं घरी जमतं, पण ड्रम जमत नाहीत. त्यांना मोठी खोली लागते, आठ-दहा माइक लागतात, आणि शेजारी पोलिसांना बोलावणार नाहीत अशी जागा लागते. लहान स्टुडिओचे पैसे मोजायचे ते मुख्यतः यासाठी.

आम्हाला एका घराच्या मागच्या बाजूला बांधलेला छोटा स्टुडिओ मिळाला. तासाला पन्नास डॉलर, आणि त्यात इंजिनिअर आला. मालक आणि इंजिनिअर एकच, वयाने साठीच्या पुढचा. आम्ही दोन दिवस घेतले, रोज दहा तास. त्याआधीच्या आठवड्यात बसून प्रत्येक गाण्याचा सांगाडा गोठवला. किती मात्रांची सुरुवात, किती कडवी, मधला भाग कुठे, शेवट कसा. शब्द नसले तरी चालतील, पण रचना बदलायची नाही. कारण ड्रमर पुन्हा मिळणार नव्हता.

पहिल्या दिवशी सकाळी पाच तास एकही गाणं वाजलं नाही. नुसते ड्रम लावले आणि माइक लावले. मला वाटलं, आपले अडीचशे डॉलर चालले वाया. पण ते वाया नव्हते. ड्रमच्या कातड्या नव्या, प्रत्येक खुंटी सारखी ताणलेली, अगदी तबला मिळवतात तसं. मग माइक. स्नेअर ड्रमवर शुअर कंपनीचा एसएम-५७, शंभर डॉलरच्या आसपास मिळणारा. हा माइक १९६५ पासून बाजारात आहे आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष भाषण करतात त्या व्यासपीठावर वर्षानुवर्षं हाच असतो. सांगायचं काय, तर महागड्या माइकवाचून अडत नाही.

अडतं ते अंतरावर. आवाज एका मिलिसेकंदात साधारण एक फूट जातो. डोक्यावरचे दोन माइक स्नेअरपासून कमीजास्त अंतरावर असले, तर तोच ठोका दोन ठिकाणी थोडा मागेपुढे पोचतो. मग एका माइकची लाट वर असताना दुसऱ्याची खाली, आणि दोन्ही एकत्र केल्यावर एकमेकींना खाऊन टाकतात. ड्रम पत्र्याच्या डब्यासारखा वाजायला लागतो. आमच्या इंजिनिअरने त्यासाठी काय केलं? खिशातून सुतळी काढली! स्नेअरच्या मध्यापासून दोन्ही माइकपर्यंतचं अंतर सुतळीने मोजून सारखं केलं. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून मी ज्याला फेज म्हणतो, ते त्याने सुतळीने सोडवलं.

दुपारनंतर वाजवायला सुरुवात झाली. दोन दिवसांत सहा गाणी झाली, प्रत्येकाचे तीन-चार टेक. आमचा ड्रमर एरवी फार बोलका, पण ते दोन दिवस फारसं बोलला नाही. मधल्या सुट्टीत बाहेर जाऊन रिक्रूटरचे फोन घ्यायचा आणि परत येऊन काड्या उचलायचा. त्याचा मुलगा दुसऱ्या दिवशी आला होता, कानावर मोठे हेडफोन लावून काचेपलीकडे बसला होता. एका गाण्याच्या शेवटी त्याने टाळ्या वाजवल्या. काचेमागे असल्यामुळे त्या रेकॉर्डवर आल्या नाहीत, याचं इंजिनिअरलाही वाईट वाटलं.

नोकरी लागली नाही. सत्तावन्नाव्या दिवशी ते तिघं नागपूरला गेले.

पुढचे पाच महिने आम्ही बाकीचं भरत होतो. बास आणि गिटार घरी झाली. आवाज कपड्यांच्या कपाटात झाला. हे खरंच सांगतो, टांगलेले कोट आणि साड्या आवाज घुमू देत नाहीत. आमच्या गायकाच्या बायकोच्या पैठण्यांचा या रेकॉर्डमध्ये मोठा वाटा आहे.

मिक्सला परत त्याच स्टुडिओत गेलो. इथे एक गंमत झाली, ती खास आपल्या भाषेची. इंग्रजी गाण्यात ‘स’सारखे उच्चार कानाला टोचतात, म्हणून ते दाबणारं एक यंत्र असतं, डी-एसर. साधारण पाच ते आठ हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यातला फुसकारा ते पकडतं. आता आपल्या मराठीत ‘च’ दोन. चहातला वेगळा, चमच्यातला वेगळा. हे यंत्र चमच्यातला ‘च’ पकडून दाबायचं, आणि आमचा कोल्हापूरचा गडी एकदम बोबडा वाटायला लागायचा. इंजिनिअरला मराठी येत नाही, त्याला त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. मग मी सगळी गाणी रोमन लिपीत टाइप करून दिली आणि प्रत्येक ‘च’, ‘ज’, ‘झ’ला लाल-निळ्या खुणा केल्या. त्याने निळ्या खुणांच्या जागी यंत्र बंद ठेवलं. एका अमेरिकन माणसाला दोन ‘च’मधला फरक ऐकू यायला लागला. मंडळाच्या मराठी शाळेत घेऊन यायला हवं त्याला!

प्रत्येक मिक्स नागपूरला जायचा. आपली रात्र म्हणजे त्यांची सकाळ, उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक. त्याला तिकडे नवी नोकरी लागली होती, ऑफिसला जाताना तो गाडीत ऐकायचा. गाडीत ऐकणं ही उत्तम कसोटी असते. स्टुडिओतले महागडे स्पीकर सगळं गोड करून सांगतात, गाडी खरं बोलते. त्याच्या सूचना यायच्या, दोन-तीन ओळींच्या. बहुतेक वादक म्हणतात माझा आवाज वाढवा. हा म्हणायचा, "माझा हाय-हॅट कमी करा, शब्द ऐकू येत नाहीत."

आता पैशांचं बोलू, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. ड्रमचे वीस तास, हजार डॉलर. सहा गाण्यांचं मिक्सिंग, दीडशेप्रमाणे नऊशे. मास्टरिंग तीनशे. कातड्या, तारा, काड्या वगैरे एकशेऐंशी. कॉपीराइट नोंदणीची फी पासष्ट. किरकोळ पंचावन्न. एकूण अडीच हजार. ड्रमरचा वाटा आम्ही तिघांनी घ्यायचं ठरवलं होतं. त्याने तो नागपूरहून पाठवला, आणि फोनवर दमही दिला की परत पाठवलात तर बघा.

मास्टरिंगबद्दल एक सूचना. ‘आवाज मोठा करून द्या’ असं कुणाला सांगू नका. एक काळ असा होता की प्रत्येकाला आपली सीडी शेजारच्या सीडीपेक्षा मोठी वाजायला हवी होती. २००८ ची मेटालिकाची ‘डेथ मॅग्नेटिक’ इतकी दाबून मोठी केली होती, की चाहत्यांनीच तक्रारी केल्या. आता स्पॉटिफायसारख्या सेवा सगळ्यांचा आवाज एका पातळीवर आणूनच वाजवतात. ज्याने चढउतार ठेवला तो फायद्यात.

दुसरी सूचना हक्कांबद्दल. एका रेकॉर्डिंगमध्ये दोन वेगवेगळे कॉपीराइट असतात. एक गाण्याचा, म्हणजे शब्द आणि चालीचा. दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. कुणाचा किती वाटा, हे रेकॉर्डिंग चालू व्हायच्या आधी एका कागदावर लिहून सह्या करा. मैत्री आहे म्हणून लिहीत नाही, असं म्हणू नका. मैत्री टिकावी म्हणून लिहा. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसात एका अल्बममधली वीसपर्यंत गाणी एकाच अर्जात नोंदवता येतात. आणि आपल्याकडची एक नेहमीची गफलत. मुलं म्हणतात, आम्ही तुकारामांचा अभंग रॉकमध्ये करतो, त्याला कुठे परवानगी लागते? शब्द तुकोबांचे, ते सगळ्यांचे. पण ‘अभंग तुकयाचे’मधली चाल घेतलीत, तर ती श्रीनिवास खळ्यांची आहे. खळेकाकांना जाऊन २०२५ मध्ये चौदा वर्षं झाली. भारतीय कायद्याने हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. स्वतःची चाल लावा, तेच बरं.

तिसरी सूचना व्हिसावाल्यांना. एच-वन-बीवर ज्या मालकाने अर्ज केला त्याच्याकडेच काम करता येतं. कार्यक्रमाचं मानधन म्हणजे काम. आम्ही पहिल्यापासून एक पैसाही घेतला नाही, आणि रेकॉर्ड विकायला न काढता फुकट ऐकायला ठेवली. तुमचा प्रसंग वेगळा असेल, तर आधी वकिलाला विचारा. तसंही पैशांच्या आशेने हे करू नका. २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला वर्षात हजार श्रोते-फेऱ्या मिळत नाहीत, त्याला एक सेंटही मिळत नाही.

आणि आई-बाबांसाठी. मुलाने किंवा मुलीने ड्रम मागितले, तर नाही म्हणू नका, पण सोबत कानाचे प्लग घ्या. पंच्याऐंशी डेसिबल आवाजात आठ तास चालतात, पण पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभर डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं, आणि बंद खोलीतले ड्रम शंभर सहज ओलांडतात. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

शेवटचा प्रश्न, कशासाठी करायचं? आमची रेकॉर्ड किती जणांनी ऐकली म्हणाल, तर इथे आज जेवढे बसलेत त्याच्या काही पट असतील. निर्वाणा आम्ही नव्हे. पण ‘ब्लीच’बद्दल एक गोष्ट मघाशी सांगायची मी मुद्दाम राखून ठेवली होती. तो उसना ड्रमर, डेल क्रोव्हर, लवकरच आपल्या बँडबरोबर सॅन फ्रान्सिस्कोला निघून गेला. नंतर निर्वाणाला दुसरा ड्रमर मिळाला, चॅड चॅनिंग. तरीही ‘ब्लीच’मध्ये दोन गाणी त्या पहिल्या दुपारचीच ठेवलेली आहेत. माणूस एक दुपार त्या खोलीत होता. आज इतक्या वर्षांनंतरही ती दुपार ऐकता येते.

आपल्या मंडळाकडे बघा. दर वर्षी गणपतीला नवे चेहरे येतात आणि दर वर्षी काही जुने दिसत नाहीत. कुणाचं प्रोजेक्ट संपतं, कुणाचा व्हिसा संपतो, कुणी टेक्सासला जातं. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी येतात आणि परत जातात. आपल्याला वाटतं, पुढच्या वर्षी करू. आमचा ड्रमर साठ दिवसांच्या टांगत्या तलवारीखाली जे शहाणपणाचं बोलला, ते आपण तलवार नसताना बोलायला हवं. जो आधी जाणार आहे, त्याचं आधी रेकॉर्ड करा. बाकीचं मागून भरता येतं.

म्हणून माझा एक साधा प्रस्ताव आहे. मंडळाच्या स्टोरेजमध्ये आठ माइक आणि एक मिक्सर आहे. वर्षातून चार कार्यक्रमांना ते बाहेर निघतात, बाकीचे दिवस धूळ खातात. माझ्याकडे लॅपटॉप आहे आणि साठ डॉलरचं सॉफ्टवेअर आहे. थंडीत दर महिन्याचा एक शनिवार मी द्यायला तयार आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलांचा बँड असो, नाट्यगीत म्हणणाऱ्या मावशी असोत, की जात्यावरच्या ओव्या पाठ असलेली कुणाची आजी असो. रॉकच हवं अशी माझी अट नाही. सुतळी मी आणीन.

कार्यकारिणीने विचार करावा. आणि आता मसालेभात थंड होण्याआधी मी थांबतो.